घोड्याच्या वर्षाआधीचा रविवार

निहार आणि मैत्रेयी बॉनचा कार्निव्हल चुकवायला म्हणून सकाळीच निघाले, आणि ब्राउनश्वाइगला उतरले ते नेमके इथल्या मिरवणुकीत सापडले. मैत्रेयीच्या केसांत रंगीत कागदाचे कपटे अडकले होते. निहारच्या कोटाच्या खिशात कुणीतरी रथावरून फेकलेली चार चॉकलेटं होती.

"तिथं 'आलाफ'च्या आरोळ्या, इथं 'हेलाऊ'च्या," बहिणीच्या दारात बूट काढता काढता तो म्हणाला. "माणसानं पळून जायचं तरी कुठं?"

"पुण्याला," संपदा म्हणाली.

निहारनं बुटांची जोडी भिंतीशी सरळ लावली, पुन्हा एकदा सरळ केली, आणि मग बहिणीकडे न बघताच आत आला.

खिचडीचा वास जिन्यापर्यंत गेला होता. महाशिवरात्र होती. आईचा उपास होता, म्हणून सगळ्यांचाच होता. संपदाच्या मुलीनं, उर्जानं, तेवढा सकाळी ब्रेड खाल्ला होता, तोही आजीच्या परवानगीनं. आई तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत साबुदाणा होता, वरी होती, दाण्याचं कूट होतं, आणि या सगळ्याच्या मधोमध जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं लाल पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते आता जेवणाच्या टेबलावर पातेल्याशेजारी पडलं होतं, घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखं.

ते चिनी पंचांग होतं. यशवंतराव, म्हणजे संपदाचे बाबा, पंपांच्या कारखान्यातर्फे तीन वर्षं चीनमध्ये सुचौला होते, तिथल्या ल्यूसाहेबांनी त्यांना त्याची गोडी लावली. पत्रिका, राहुकाळ, मुहूर्त या सगळ्याला जन्मभर नाक मुरडणारा माणूस. पण दर वर्षी ल्यूसाहेबांकडून टपालानं नवं पुस्तक आलं की चष्मा पुसून बसायचा. पानापानावर त्या त्या दिवशी काय करावं आणि काय करू नये ते दिलेलं. केस कापावे. पलंग मांडावा. विहीर खणू नये. घर बदलू नये. प्रत्येक दिवसाला आणि वर्षाला एक प्राणी, आणि त्याची समोरच्या प्राण्याशी टक्कर. बाबांना त्यातली पन्नास-साठ चिन्हं वाचता यायची. फ्रिज घ्यायचा असो की निहारला परदेशी पाठवायचं असो, दिवस त्या पुस्तकातून निघायचा. "आपल्या पंचांगाला गुरुजी लागतात," ते म्हणायचे, "यात मला कुणी लागत नाही."

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. ल्यूसाहेबांना कळवलं होतं. तरी या वर्षीचं पुस्तक आलंच.

आणि परवा, मंगळवारी, घोड्याचं वर्ष सुरू होत होतं.

पण खरा दिवस उद्याचा होता. वोल्फ्सबुर्गला संपदाच्या नवऱ्याच्या, मल्हारच्या कंपनीनं, ज्यांना राजीखुशीनं नोकरी सोडायची असेल त्यांच्यासाठी, एक करार पुढे केला होता. आउफहेबुंग्सफरट्राग. तो कागद आठ दिवस त्यांच्या घरात होता आणि सही उद्या दुपारपर्यंत पोचवायची होती. सही झाली की परत फिरणं नाही. नाही झाली, तर असा करार पुन्हा केव्हा येईल कोण जाणे. आणि पुण्याजवळच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं संपदाला देऊ केलेली जागाही काही तिची वाट बघत बसणार नव्हती. मल्हार मोजकंच बोलणारा माणूस. तो म्हणाला होता, "तू नक्की असशील तर मी सही करतो. पण नक्की म्हणजे नक्की. तिथं जाऊन रडायचं नाही." उर्जानं डिसेंबरातच होकार दिला होता, दोन अटींवर: हे शाळेचं वर्ष इथंच पुरं करायचं, आणि तिकडे तिच्या मराठीला कुणी हसायचं नाही.

राहिला होता निहार. आठवडाभर तो फोनवर वाद घालत होता आणि आज समक्ष घालायला आला होता.

"आल्झो, तर," पहिला घास संपवून तो म्हणाला, "ताई, मी काही अंधश्रद्धाळू नाही."

"मग काय आहेस?" मैत्रेयीनं विचारलं. ती बॉनला डॉक्टरेट करत होती आणि नवऱ्याचं बोलणंही प्रबंधासारखं तपासायची.

"मी बाबांच्या पद्धतीनं बोलतोय. ताई चौऱ्याऐंशीची. म्हणजे उंदीर. घोडा आणि उंदीर बरोब्बर समोरासमोर, घड्याळातल्या बारा आणि सहासारखे. घोड्याच्या वर्षी उंदरानं घर हलवायचं? बाबांनी हलवू दिलं असतं? एक वर्ष थांब, एवढंच म्हणतोय. पुढच्या फेब्रुवारीत बकरी येते."

"बकरी चालेल?" मल्हारनं विचारलं.

"बकरी काय, गरीब असते."

"करार पुढच्या फेब्रुवारीत नाहीये, निहार."

"कुठला तरी येईलच की. तुमच्याकडे दर दोन वर्षांनी काहीतरी येतंच."

संपदानं आईकडे बघितलं. आई ताकाचं भांडं पुढे सरकवत होती. जन्मभर आईनं या लाल पुस्तकाला कधी हात लावला नव्हता; बाबा पानं उलटू लागले की ती भाजी निवडायला बसायची. आता ती म्हणेल, गप रे निहार, जेव आधी. संपदा त्याचीच वाट बघत होती.

"निहार म्हणतो त्यात चूक काय आहे?" आई म्हणाली. "एका वर्षानं काय बिघडतंय? हे असते तर हेच म्हणाले असते."

संपदाच्या हातातला चमचा ताटलीवरच थांबला.

"आई, तू?"

"का? मी म्हणू नये?"

"तू म्हण. पण बाबा काय म्हणाले असते ते नको सांगूस, कारण ते काय म्हणाले ते मी ऐकलंय." तिचा आवाज चढला नाही. तो चढवण्याची तिला सवयच नव्हती. "जूनमध्ये. मी त्यांना सांगितलं, आम्ही या उन्हाळ्यातच येतो. घर सोडण्याच्या नोटिशीचं पत्र लिहून पाकिटात घातलं होतं. तर म्हणाले, 'या वर्षी नको. साप आहे. घोडा येऊ दे, मग ये.' मी ते पत्र टाकलं नाही."

बाहेर मिरवणुकीतले ढोल वाजत होते. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगस्टमधला तो मंगळवार, फ्रांकफुर्टहून मिळालेलं पहिलं विमान, आणि दारात मोहनकाका. ती घरात शिरली तेव्हा बाबा असून नव्हते.

"तेव्हा ते आजारी होते गं," निहार हळू आवाजात म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांचा गोंधळ व्हायचा. उंदराला घोड्याच्या वर्षी ये म्हणायचं, म्हणजे गोंधळच की."

"त्यांचा कधीही गोंधळ झाला नाही," आई ताडकन म्हणाली. "शेवटच्या दिवशी नर्सबाईंना इंजेक्शनची वेळ त्यांनी सांगितली."

आता आई कुणाच्या बाजूनं आहे तेच कळेना. निहारनं मैत्रेयीकडे बघितलं. तिनं खांदे उडवले आणि आणखी खिचडी वाढून घेतली.

इतका वेळ उर्जा टेबलाच्या टोकाला फोन घेऊन बसली होती. तिनं कॅमेरा पुस्तकाच्या पानावर धरला होता, आणि फोन त्या चिनी चिन्हांचं जर्मन करत होता. त्या जर्मनचं मराठी करून आजीला सांगायचं काम दुपारपासून संपदाकडे होतं. परवाचा दिवस काय म्हणतो? न्हाण्याला चांगला, मासे पकडायला चांगला. "मासे कोण पकडतंय उपासाच्या घरात," आई म्हणाली होती.

आता मात्र उर्जानं फोनमधलं काहीतरी दोनदा वाचलं आणि जर्मनमध्येच विचारलं, "मम्मी, तुझा वाढदिवस सत्तावीस जानेवारी ना?"

"हो. का?"

"चौऱ्याऐंशी साली चिनी वर्ष दोन फेब्रुवारीला सुरू झालं होतं. तू त्याच्या आधीची आहेस." तिनं मामाकडे बघितलं, आणि तेराव्या वर्षी मोठ्यांची चूक पकडल्याचा जो आनंद असतो तो मुळीच लपवला नाही. "ती उंदीर नाहीच आहे. ती डुक्कर आहे."

मग पहिला निहारच हसत सुटला. "ताई! बेचाळीस वर्षं आम्ही तुला उंदीर समजत होतो, आणि तू..."

"निहार, जपून," मल्हार म्हणाला.

"अरे पण थांबा, थांबा." निहारनं बोटांवर हिशेब केला. "डुकराची टक्कर सापाशी. गेलं वर्ष सापाचं. म्हणून बाबा म्हणाले, साप आहे, थांब. घोडा येऊ दे, मग ये. गेनाऊ, तंतोतंत! त्यांना बरोबर माहीत होतं. गोंधळ आमचा होता." तो खुर्चीत मागे रेलला. वादात हरल्यावर मोकळेपणानं हरणं, हा त्याचा लहानपणापासूनचा गुण. "जिंकलीस. बाबांच्या पुस्तकानंच जिंकलीस. मला आता बोलायला जागा नाही."

मैत्रेयीनं टाळी वाजवली. मल्हारनं भुवई उंचावून बायकोकडे बघितलं, पेन आणू का, अशा अर्थानं.

संपदा मात्र उठली आणि रिकामं पातेलं सिंकमध्ये ठेवून तिथंच उभी राहिली. तिला आनंद झाला नव्हता. काय झालंय ते शब्दांत यायला तिला थोडा वेळ लागला. शब्द आले की ते साधेच असतील एवढा तिचा स्वतःवर विश्वास होता.

"मला हे नकोय," ती म्हणाली.

"काय नकोय?"

"हे बरोबर येणं. डुक्कर असेन मी, तर गेल्या वर्षी थांबले ते बरोबर ठरतं. बाबा तिथं होते आणि मी इथं नोटिशीचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून बसले, ते पुस्तकाप्रमाणे बरोबर." तिनं नळ सोडला आणि बंद केला. "ते बरोबर नव्हतं. ज्या पुस्तकात ते बरोबर आहे, त्या पुस्तकातला दिवस मला नको. त्यापेक्षा मी उंदीर बरी."

आईनं ताटलीत फिरवलेलं बोट चाटलं, पदराला हात पुसला आणि नातीला विचारलं, "उर्जे, आजोबांचा वाढदिवस कधी?"

"एर्स्टर युनी," उर्जा म्हणाली. "एक जून."

"आणि मोहनआजोबांचा?"

उर्जा आईकडे बघू लागली. "त्यांचाही एक जून," संपदानं सांगितलं.

"जुळे होते?"

"कसले जुळे! तीन वर्षांचं अंतर," आई म्हणाली. "शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये उघडायची ना. निम्मा गाव एक जूनचा. ह्यांचा खरा दिवस कुणालाच ठाऊक नव्हता. सासूबाई एवढंच सांगायच्या, ज्वारी हुरड्याला आली होती. आता ती एकोणपन्नासची ज्वारी की पन्नासची, ते त्यांना विचारून सांगता येत नव्हतं."

"पण बाबा वाघ होते," निहार म्हणाला. "सगळ्यांना सांगायचे, मी वाघ."

"तेच तर. मी एकदा विचारलं, अहो, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, स्नेहा, एका सालाप्रमाणे मी बैल, दुसऱ्या सालाप्रमाणे वाघ. निवड माझ्या हातात आहे, तर मी बैल कशाला होऊ?"

मल्हारला हसू आवरेना. आईही हसली, पण थोडंच.

"मी चाळीसेक वर्षं बघत होते. हे आधी ठरवायचे आणि मग पुस्तक उघडायचे. हवा तो दिवस सापडेपर्यंत पानं उलटायचे. नाहीच सापडला तर म्हणायचे, ल्यूला विचारतो. ल्यूला कधी विचारलं नाही त्यांनी."

"मग मला थांब का म्हणाले?" संपदानं विचारलं.

ताटलीच्या कडेचे दाण्याचे कण आईनं बोटानं एका जागी गोळा केले.

"रिपोर्ट एप्रिलमध्ये आला होता."

"जुलैत आला," निहार म्हणाला. "जुलैत सांगितलंस तू आम्हाला."

"सांगितला जुलैत. आला एप्रिलमध्ये. ह्यांनी शपथ घातली होती." ती संपदाकडे वळली. "म्हणाले, आत्ता आली तर ती माझ्यासाठी येईल. मी सहा महिन्यांत जाणार, आणि मग आपण इथं कशासाठी आलो हे तिचं तिलाच कळणार नाही. तिला यायचंच असेल तर मी नसतानाही यावंसं वाटलं पाहिजे. साप आयताच सापडला त्यांना. नसता सापडला तर दुसरं काहीतरी शोधलं असतं."

"हे ठरवणारे ते कोण?"

"मी हेच म्हटलं. चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं."

संपदा परत येऊन खुर्चीवर बसली. तिला बाबांचा राग आला होता, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्या रागात ते तिला फार स्पष्ट दिसले: चष्मा कपाळावर, बोट पानावर, चेहरा अगदी निरागस. असं खोटं बोलताना त्यांचा चेहरा नेहमीच निरागस असायचा. इतके दिवस तिनं त्यांना हळूहळू देव करत आणलं होतं. आता ते पुन्हा बाबा झाले.

"आणि आज तू निहारची बाजू का घेतलीस?" तिनं आईला विचारलं.

"कारण तू माझ्यासाठी येते आहेस असं मला वाटतंय. तसं असेल तर येऊ नकोस."

यावर मैत्रेयीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "आता तूही सांग. सगळे खरं बोलतायत तोवर."

"माझं काय?"

"निहार."

त्यानं खिशातली चॉकलेटं काढून टेबलावर एका ओळीत मांडली. "काही नाही. म्हणजे... इथं असं एक घर आहे, की मनात आलं की चार-पाच तासांत पोचता येतं. बूट काढले की वाढलेलं ताट मिळतं. ते गेल्यावर आम्ही दोघंच की."

"हे मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"बरं दिसतं का, या वयात? उंदीर सांगायला सोपा होता."

संपदानं त्याच्या केसांतून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा उलटा, आणि केस विस्कटून ठेवले. त्यानं ते तसेच राहू दिले.

"आता ऐक," ती आईला म्हणाली. "मी तुझ्यासाठी येत नाहीये. अकरा वर्षं मी इथं बिटाच्या पानांवरचे डाग मोजतेय. चांगलं काम आहे, चांगली माणसं आहेत, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण बीट हे काही माझं पीक नाही. मला द्राक्षावरची भुरी हवीय. ज्या शेतकऱ्याच्या बागेत ती पडलीय त्याच्याशी मला त्याच्या भाषेत बोलायचंय, आणि तो माझ्याशी भांडला तर मला ते नीट समजायला हवंय. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

"मी नसते तर?"

"तू आहेस ते बरंच आहे. नसतीस तरी आले असते."

आई तिच्याकडे बघत राहिली. भाजीवाल्यानं सांगितलेला भाव खरा की वाढवलेला, हे बघावं तशी. मग तिनं मान डोलावली.

"मग ठीक आहे. कधी येताय?"

"उर्जाची सुट्टी लागली की. जुलैच्या पहिल्या आठवड्यात."

"तेव्हा जागा नाही."

"म्हणजे?"

"मागच्या खोलीत मी दोन मुली ठेवल्यात. शिवांगी आणि अन्वी. कॉलेजच्या. अकरा महिन्यांचा करार आहे, ऑगस्टअखेरपर्यंत. मी त्यांना मध्येच निघा म्हणणार नाही, अन्वीची परीक्षा आहे."

"कधी ठेवल्यास?" निहारनं विचारलं.

"ऑक्टोबरात."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही बोलू कधी दिलंत? रोज फोन, आणि रोज एकच. आई, एकटी आहेस ना, करमतं ना, जेवलीस ना. एकटी कुठली! त्यातल्या एकीला तर पोळ्या शिकवतेय मी. आफ्रिकेचा नकाशा करते."

मैत्रेयी टेबलावर डोकं टेकून हसत होती. मल्हार हसत होता, निहारही. संपदाला हसू यायला उशीर लागला. सहा महिने तिच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं: रिकाम्या घरात आई एकटीच ताटावर बसलेली. ते चित्र घेऊन ती सकाळी ट्रामनं कामाला जायची. आता त्यात दोन अनोळखी मुली घुसल्या आणि वाकड्या पोळ्या लाटू लागल्या. आईला तिची गरज नव्हती. संपदानं थोडं थांबून स्वतःला चाचपून पाहिलं, हे कळल्यावर आपल्या इच्छेतलं काय काय गळून पडतंय. काहीच पडलं नाही. होती तेवढीच होती, उलट हलकी झाली होती.

"आम्ही हॉलमध्ये झोपू," ती म्हणाली.

"तिघं? हॉलमध्ये?"

"गाद्या आहेत ना?"

"गाद्या आहेत. पण त्या मुली अकरा-साडेअकरापर्यंत हॉलमध्येच अभ्यासाला बसतात. दिवा चालू असतो."

"चालेल."

"सकाळी बाथरूम आधी त्यांना. साडेसहाला. मग मल्हाररावांना."

"चालेल हो, आई," मल्हार म्हणाला. तो उठून तो करार घेऊन आला होता आणि ताटल्या सरकवून त्यानं कागदापुरती जागा केली होती. "नक्की?" त्यानं बायकोला विचारलं.

"नक्की."

त्यानं सही केली, दोन्ही प्रतींवर, सावकाश. निहारनं कागद जवळ ओढून ती नीट बघितली. मग आपली खुर्ची बहिणीच्या खुर्चीला लावून बसला आणि म्हणाला, तिकिटं काढशील तेव्हा सांग, विमानतळावर सोडायला मी येणार.

"आणि एक सांगून ठेवते," आई म्हणाली, "त्या मुलींसमोर मला एकटी-बिकटी म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"मग या."